दुसऱ्या गाण्यामागचा आवाज

“सुरुवातीचे अल्बम म्हणजे नुसती आरडाओरड, अक्का.”

धाकट्या भावाचं, रंगाचं, हे तरुणपणीचं बोलणं भवानी विसरली नव्हती. आज वेलचेरी स्टेशनच्या तिकीटरांगेत तोच तिच्याकडे त्या जर्मन मेटल बँडची पहिली कॅसेट मागत होता.

“फोनवर मिळतात की सगळे.”

“मला तुझीच पाहिजे.”

“कुणाला द्यायचीय?”

“कुणाला नाही गं. तेव्हा पोरं जीव तोडून वाजवायची. पुढे सफाई आली नि जीव गेला.”

“हे कधी कळलं तुला?”

“अम्माच्या वर्षश्राद्धाला तुझ्या घरी ऐकली तेव्हा.”

“खोटं. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून मी ती भरत होते, तेव्हा दारं तूच आपटायचास. खरं सांग.”

रांग पुढे सरकली. रंगा तिथेच उभा राहिला.

“दुसऱ्या गाण्यामागे अम्मा मला जेवायला हाक मारते, अक्का. आणि मी ओरडतो, येत नाही जा.”