रकान्यातलं ‘तेच’

(नेपरव्हिल, अमेरिका, १९८५. शनिवारची सकाळ. शरयूकाकूंचं स्वयंपाकघर, उत्तराच्या मांडीवर आठ महिन्यांची मिनू.)

काकू: ...तेव्हाच म्हटलं होतं तुला, नवऱ्याच्या त्या काडतुसांच्या वहीत लिहीत जाऊ नकोस. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, इथेच, याच खुर्चीत बसली होतीस. काय उत्तर दिलंस?

उत्तरा: म्हणाले, मी केमिस्ट्रीची एम.एस्सी. आहे, नोंदी मीच नीट ठेवणार.

काकू: आणि हसलीस.

उत्तरा: हसले. पण काकू, मी त्यावर बोलायला आले नाही. वीस काडतुसं सापडत नाहीत.

काकू: कुठली?

उत्तरा: विष्णूला रेंजवर नेमबाजी करताना लागलं ना गेल्या आठवड्यात, त्याच खेपेची. पन्नास भरली होती आम्ही बेसमेंटमध्ये. दहा विष्णूला दिली. वीस घरात आहेत, मी दोनदा मोजली. उरलेली वीस कुणाला दिली, चारुदत्त सांगत नाही.

काकू: त्यात लपवण्यासारखं काय आहे? एकनाथला दिलीत. परवा जेवायला होता इथे. म्हणाला, शनिवारी रेंजवर जाणार, चारुदत्तने डबा दिलाय.

उत्तरा: आज शनिवार आहे.

काकू: अगं हो, पण त्याच्या डब्यात काही नाही. चारुदत्तने सगळ्यांना समजावून सांगितलं ना, चूक विष्णूच्या दहांतच होती. तू आकडा चुकवलास, गोळी जास्त आत बसली. बाळंतपणानंतर तुझं लक्ष नसतं, म्हणाला. रागावून नव्हता हं बोलत. उलट तुझी बाजूच घेत होता बिचारा.

उत्तरा: माझी बाजू.

काकू: हे बघ, विष्णूचा डोळा वाचेल असं हे म्हणतात. यांनी स्वतः सर्जनशी बोलणं केलंय. झालं ते झालं. आता एकनाथलाही घाबरवून सोडू नकोस.

उत्तरा: काकू, दोन मिनिटं ऐकाल? पितळी पुंगळीत दारू भरायची, वरून गोळी दाबून बसवायची. बुडापासून टोकापर्यंत अख्ख्या काडतुसाची लांबी मी कॅलिपरने मोजायचे. ती पन्नासच्या पन्नासांची बरोबर आहे. घरातली वीस मी आज पुन्हा मोजली.

काकू: मग पुंगळी फाटली कशी?

उत्तरा: गोळीच वेगळी होती. वजन तेवढंच, पण लांब. बाहेरून लांबी तीच ठेवली, म्हणजे गोळीचं बूड जास्त आत गेलं. आतली जागा कमी झाली, दारू तेवढीच राहिली. सगळा दाब मागे, विष्णूच्या तोंडावर आला.

काकू: वेगळी गोळी होती तर वहीत तसं लिहायला नको?

उत्तरा: गोळीचा रकाना आहे. त्यात मी लिहिलंय ‘तेच’.

काकू: तेच म्हणजे?

उत्तरा: वरच्या ओळीतलं. दर वेळी कंपनीचं लांबलचक नाव कोण लिहिणार? तो गोळ्या दाबायच्या प्रेसवरून सांगायचा ‘तेच’, मी लिहायचे ‘तेच’. लॅबमध्ये असं लिहिलं असतं तर आमच्या बाईंनी जर्नल अंगावर फेकलं असतं. त्या दुपारी मिनूला भरवत होते, एका हाताने लिहीत होते. तरी विचारलं मी त्याला, या गोळीचा रंग लालसर दिसतो, डबा बदललास का? म्हणाला, नवा आहे, चकाकतो. तेच लिही.

काकू: त्याला तरी कुठे माहीत असेल? दुकानदाराने दिला डबा, याने घेतला.

उत्तरा: मिनू, सोड ती पिशवी. काकू, त्यात डायपरखाली झाकण आहे, काढा.

काकू: कसलं झाकण?

उत्तरा: त्याच गोळ्यांच्या डब्याचं. डबा आज वॉटर हीटरच्या मागे सापडला. त्यावरचं अक्षर कुणाचं आहे ते बघा.

काकू: चष्मा... थांब. हे तर चारुदत्तचं अक्षर. ‘लांब. दारू कमी करून पहिल्यापासून सुरुवात.’

उत्तरा: मिनू झाली तेव्हा त्याने शब्द दिला होता, नवीन प्रयोग बंद. एकच जमलेलं माप, तेच भरायचं. जुन्या गोळ्या संपल्या, हे सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं. आणि पहिल्यापासून सुरुवात म्हणजे दोन वीकेंड रेंजवर थोडी थोडी दारू वाढवत बसायचं. मॅच आठवड्यावर आलेली.

काकू: हे तू त्याला विचारलंस?

उत्तरा: सकाळी. ओरडला नाही. म्हणाला, तुझ्या नावावर गेलं तर लोक महिन्याभरात विसरतील, माझ्या नावावर गेलं तर क्लब काढून टाकेल. मग विष्णूसाठी संत्री घेऊन हॉस्पिटलला गेला.

काकू: ...मी वसुधाला सांगितलं गं. सुलभालाही. उत्तराच्या हलगर्जीपणाने झालं म्हणाले.

उत्तरा: ते नंतर बघू. एकनाथला सांग म्हटलं, तर म्हणाला सांगतो. कधी, म्हटलं. तर म्हणाला, सांगितलंय.

काकू: मग सांगितलं असेल की.

उत्तरा: तुम्हाला वाटतं?

काकू: नाही.

उत्तरा: सकाळपासून फोन करतेय त्याला. नुसता वाजतो. रेंजवर कुणी उचलत नाही, दहाला उघडते.

काकू: सव्वानऊ झाले. पण मी जाऊन काय सांगू? मला यातलं ओ का ठो कळत नाही. एवढा चाळीस वर्षांचा एकटा राहणारा बाप्या, म्हणेल काकूंचे कान कुणी भरले.

उत्तरा: म्हणू दे. माझं नाव सांगा. म्हणावं, उत्तराने आकडा चुकवलाय, तुझ्या डब्यातही चुकवलाय, एकही उडवू नकोस. तुम्ही सगळ्यांनी मानलंत, तोही मानेल.

काकू: खोटं बोलू मी? तुझ्यावर घेऊन?

उत्तरा: खरं समजावायला त्याला अर्धा तास लागेल. तुम्हाला किती लागला?

काकू: किल्ल्या कुठे ठेवल्यात यांनी... मिनूला इथेच झोपव. दूध फ्रीजमध्ये आहे. कुठे राहतो तो, स्टेशनमागच्या अपार्टमेंटमध्ये ना?

उत्तरा: दुसरा मजला, डावीकडे. खाली त्याची निळी गाडी नसेल तर वर जाऊ नका, सरळ रेंजवर जा. आणि काकू, गाडी असली आणि दार उघडलं नाही, तर नुसतं वाजवून परत येऊ नका. एखादं आधीच कुठे उडवून बसला असेल तर? त्याला बघून या.