मालकिणीचं ताट

जेवा हो भाभी, माझ्या ताटाकडं कामून बघून राहिलात? भाजीत काही न्हाई! वांग्याची भाजी, वरण, माझ्या हातची भाकर — एकाच भगुण्यातलं तुमाला बी वाढलं अन् मला बी, तुमच्या डोळ्यांसमोर. मी हळूहळू खाते, बस एवढंच. आदतच हाय तशी. अन् तुमची पोरगी बाहेर ओट्यावर कामून बसली? भूक न्हाई? हिमायतनगरहून सकाळच्या गाडीनं आलात, लातूर येईस्तोवर दुपार झाली, अन् भूक न्हाई म्हणती? — बरं, राहू द्या. नवी जागा हाय, लाजत असंल. खाईल मागून.

न्हाई, पालकांसोबत ताटाला बसायची रीत माझी मीच काढली. या गल्लीत बघा, दर दोन घरांमागं एक मेस. समद्यांची पोटं या क्लासवरच चालतेत — पोरी डॉक्टर व्हायला येतेत अन् आम्ही भाकरी थापतो. कोणी वाटीत चव बघाया देतं, कोणी नुसतं स्वयंपाकघर दाखवतं. मी म्हणते, बसा, माझ्यासंगं जेवा. कामून? तर सुरुवातीला काय व्हायचं — पालक यायचे, खोली पसंत, पाणी पसंत, हो म्हणायच्या बेतात असायचे, अन् तेवढ्यात भिंतीवरचा फोटो दिसायचा, न्हाईतर आडनाव विचारायचे, अन् मग एकाएकी त्यांच्या पोरीला आमचा मसाला सोसत नसायचा. काही जण तर पोरगी ठेवून जायचे, अन् कुणीतरी कानात सांगितलं की भर महिन्यात काढून न्यायचे — ते लई लागायचं, भाभी. लेकराला जीव लावलेला असतो. तवा ठरवलं, ज्याला उठायचं त्यानं पहिल्याच दिवशी उठावं, माझ्या समोर, माझ्या शेजारच्या ताटावरून. तुम्ही बिनघोर बसलात, बरं वाटलं. मटन-अंडं आमच्या मेसमध्ये शिजतच न्हाई, म्हणजे हलालची बी फिकर तुमाला न्हाई.

अन् तवा मी जेवायची तर कशी! दोन भाकरी, वर भात, ताट चाटून पुसून. होतेच तेवढी — या दारातून तिरपं यावं लागायचं. हसा, हसा, आमच्या लुंबिनीचे पप्पा बी हसायचे. पण पालक मला बघूनच खूश! मालकीणच एवढी गरगरीत म्हणल्यावर इथं पोरी काही उपाशी मरणार न्हाईत — बोर्ड लावायची गरजच नव्हती. आता वाळले, चार घास खाल्ले की पोट भरतं, वर एक जास्तीचा घेतला की घाम फुटून गरगरतं, अन् पोरींचे पालक भाजीत चमचा फिरवून फिरवून बघतेत की हिचं हिलाच जात न्हाई, तर आमच्या पोरीला कसं जाईल. तुमच्यासारखेच.

आजारी? मी? न्हाई हो! कोण म्हणलं? ऑपरेशन केलंय मी. वजनाचं. हैदराबादेत. पोटाची पिशवी लहान करतेत अन् आतडं फिरवून जोडतेत. लपवायचं काय त्यात, अख्ख्या गल्लीला ठाऊक हाय.

आं? नंबर? डॉक्टरचा? — आत्ता! म्हणून मघापासून बघून राहिलात व्हय माझ्याकडं! देते की. माझ्या बाजूनं मनाई न्हाई. शुगर लई चढली होती माझी, गोळ्या खाऊन बेजार झाले होते, ती शुगरची गोळी आता बंद हाय. जिना चढते. मोटरसायकलवर मागं बसले तर पुढचं चाक उचलत न्हाई. खरं ते खरं, त्या डॉक्टरला मी नावं ठेवणार न्हाई. ज्याला गरज हाय त्यानं खुशाल करावं. फक्त तो तुमाला जे सांगणार न्हाई ते माझ्याकडून ऐकून घ्या — म्हणजे, सांगेल बी, पण आपण ऐकत नसतो.

अंग दुखतं. कुटं म्हणून विचारू नका, कुटं न्हाई ते विचारा. मान, खांदे, पाठ, मांड्या, बोटांची पेरं. रात्रभर कुणी बडवावं अन् सकाळी सोडून द्यावं, तसं. बांगड्या टोचायच्या म्हणून काढून ठेवल्या तर आई म्हणती, नवरा जिता असताना हात मोकळे ठेवतीस? साडीची गाठ कमरेला सोसत न्हाई म्हणून गाऊनवर असते, आज तुम्ही येणार म्हणून नेसले. झोपून उठलं की वाटतं झोपलेच न्हाई. अन् डोकं तर असं झालंय की भाजीत मीठ घातलं का न्हाई तेच ध्यानात राहत न्हाई. एकदा तर दोनदा घातलं. पोरी बिचाऱ्या वर ताक पीत पीत जेवल्या, एक बोलली न्हाई. — हे मी तुमाला कामून सांगून राहिले? आज मीठ आमच्या कामाच्या सरजाबाईनं घातलंय, तुम्ही जेवा.

न्हाई न्हाई, ऑपरेशननं झालं असं न्हाई म्हणत मी! दुखायचं ते आधीपासून. पण आधी कुठल्या बी दवाखान्यात गेलं की पहिलं काट्यावर उभं करायचे. वजन कमी करा. पाठ दुखती — वजन कमी करा. झोप येत न्हाई — वजन कमी करा. कान दुखला असता तरी तेच म्हणले असते! अन् मला बी ते खरं वाटायचं हो. ही चरबी गेली की हे दुखणं बी जाईल, या एका आशेवर मी टेबलावर जाऊन पडले. चरबी गेली. दुखणं हितंच हाय. उलट आधी त्याला नाव तरी होतं, जाडी म्हणून. लोकं शिव्या द्यायचे त्या जाडीला द्यायचे. आता अंगावर काही राहिलं न्हाई तर म्हणतेत, बाई, आता काय झालं तुला? आता तर चांगली बारीक झालीस, दहा वर्षांनी लहान दिसतीस, मग कण्हतीस कामून? जी येती ती हेच म्हणती — काय छान दिसून राहिलीस! अशी चीड येती ना मला, भाभी, हातातला उलथना फेकून मारावा वाटतो.

अन् रिपोर्ट समदे नॉर्मल. रक्त नॉर्मल, हाडं नॉर्मल, सूज न्हाई. बाहेरून काही दिसत न्हाई तर आत काय असणार? भूकंपात आमच्या घराचं असंच झालं होतं. मी लहान होते. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, माणसं वाचली, पण भिंती हलल्या. आमच्याकडच्या जुन्या भिंती तुम्ही बघितल्या असतील — हातभर रुंद, दोन्हीकडून दगड अन् मधी नुसती माती. पंचनाम्याला साहेब आला, बाहेरून काठी ठोकली, म्हणला, भिंत तर उभी हाय, यांना डागडुजीत टाका. माझा बाप साहेबराव मागं मागं फिरून राहिला — साहेब, आतला दगड सुटलाय, मधी पोकळ झालंय, आत येऊन हात तर लावा! साहेब आत आलाच न्हाई. बाप काही त्या घरात निजला न्हाई, आम्हाला बी निजू दिलं न्हाई, पत्र्याच्या शेडात काढली वर्षं, अन् गाव म्हणायचं साहेबराव नव्या घरासाठी सोंग करतो. एका पावसाळ्यात ती भिंत आतल्या अंगाला बसली. सोंग म्हणणारं एक माणूस बघाया आलं न्हाई. आता माझ्या घरात मला तोच शब्द ऐकावा लागतो — सोंग. नवऱ्याच्या तोंडून. वाईट न्हाई माणूस, थकतो बिचारा, भाजीबाजार त्याच्याच गळ्यात पडलाय. पण लागतं.

शेवटी नांदेडला एका बाई डॉक्टरनं नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. तिनं काट्यावर उभं केलंच न्हाई. खांद्यावर, पाठीवर, मांडीवर नुसतं बोटानं दाबत गेली, मी ओरडत गेले, अन् ती म्हणली, खरं आहे तुमचं. बस, एवढंच म्हणली. मी तिथं खुर्चीत बसून इतकी रडले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. अन् घरी येऊन नाव सांगितलं तर लुंबिनीचे पप्पा म्हणतेत, आता इंग्रजी नाव घेऊन आली!

इलाज? इलाज म्हणजे सांभाळायचं. यानं मरत न्हाई माणूस, पण हे जात बी न्हाई. रोज जरासं चालायचं, गरम पाण्यानं शेकायचं, झोप मोडायची न्हाई, एक गोळी दिलीय ती घ्यायची, अन् काम थोडं थोडं करायचं, मधी मधी टेकायचं. थोडं थोडं! मेसवालीचं थोडं काम कसलं असतं हो? पोरी थोड्या थोड्या भुकेजतेत का? क्लास सुटला की एकदम येतेत. जरा बरं वाटलं त्या दिवशी मी समदं उरकाया धावते, अन् दुसऱ्या दिवशी पलंगावरून पाय खाली येत न्हाई. अन् तुम्ही-आम्ही दुकानातून आणून खातो ना, ती दुखण्याची साधी गोळी — ती मला मना हाय. असं ऑपरेशन झालेल्याच्या पोटात तिनं जखम होती. बजावलं होतं हैदराबादेत. पण जूनमध्ये नवी बॅच आली, तोबा गर्दी, हात वर उचलंना, तवा गपचूप खाल्ल्या. रोज खाल्ल्या. संडासला काळं पडाया लागलं तरी कुणाला सांगितलं न्हाई, अन् एक दिवस या इथंच, तुम्ही बसलात तिथं, चक्कर येऊन पडले. पोटात रक्त सुटलं होतं. पालकांना आम्ही सांगितलं, मालकीण लग्नाला गेली.

हे बाहेर बोलू नका, भाभी. हात जोडते. मालकीण आजारी म्हणलं की पोरी उचलून नेतेत लोकं. अन् ही भाकर बी माझ्या हातची न्हाई, मघाशी खोटं बोलले. सरजाबाई थापती. मला पीठ मळवत न्हाई आता. — जाऊ द्या. लिहून घ्या नंबर. पण शुगर किती हाय तुमची? तो डॉक्टर पहिलं तेच विचारतो. न्हाई? शुगरच न्हाई? मग गुडघे? — मग तुमाला कशाला हो पाहिजे ऑपरेशन, चांगल्या धडधाकट बाईला?

कुणासाठी?

हिच्यासाठी? ओट्यावर बसली त्या लेकरासाठी?

थांबा जरा. सरजाबाई, वरणाखालचा गॅस बारीक कर गं.

बारावीचा निकाल लागला की सुट्टीत उरकून टाकायचं, कॉलेजात बारीक होऊनच जाईल, पुढं लग्नाला बी बरं. अन् तोवर मी तिला एकच चपाती वाढायची, भात द्यायचाच न्हाई, असं म्हणता. म्हणून तिला भूक न्हाई व्हय! भूक न्हाई असं ती म्हणली का तुम्ही म्हणलात? — काय? पाय दुखतेत म्हणती? रात्री रडती? अन् तुम्ही काय म्हणता तिला? वजनानं दुखतेत. हाव. कुणाला दाखवलं? न्हाई ना? काट्यावर तेवढी उभी केली असंल. मी काही डॉक्टर न्हाई, वजनानं बी दुखत असतील, मला काय ठाऊक. पण कुणी हात तर लावून बघा त्या लेकराला! तिला तर शुगर बी न्हाई, वय बी न्हाई. नंबर न्हाई देत मी. राग येऊ द्या. मेस लावा न्हाईतर नका लावू, गल्लीत जाऊन मालकीण आजारी हाय म्हणून सांगा, सांगायचं तर. पण माझ्या पंगतीला लेकरू उपाशी बसवून मी कुणाला जेवू घालत न्हाई.

मुबश्शिरा! ये माय, आत ये. चप्पल असू दे तिथंच. बस इथं, आईच्या शेजारी. न्हाई, सरजाबाई, तू सरक, मी वाढते. मला उचलतं एवढं भगुणं. — उचलतं म्हणलं ना! घे, भाकर घे. अजून एक. पाय दुखतेत का गं तुझे? आईकडं नको बघू, माझ्याकडं बघ. कुटं? मांडीत? अन् सकाळी उठल्यावर जास्ती? हाव. खरं हाय ते, माय. खरं हाय. खा.

आता एक शब्द बोलू नका, भाभी. लेकरू जेवून राहिलंय.