वहीतल्या तीन ओळी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि प्रकल्पांचे परीक्षक म्हणून आम्हा सर्वांच्या परिचयाचे इंजिनिअर साहेब, व्यासपीठावरील इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या प्रयोगशाळेच्या बाई, त्यांचे कुटुंबीय, सहकारी शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणारे आमचे भूगोलाचे सर मघाशीच कानाशी लागले, की तुम्ही गणित शिकवता तेव्हा पाच म्हणजे पाच. मी प्रयत्न करतो.

बाई एकतीस वर्षं या शाळेत आहेत. मुलं त्यांना कुलूपबाई म्हणतात. बाई, तुम्हाला हे ठाऊक नसेल तर आज कळलं, आणि ठाऊक असेल तर निदान मी सांगितलं असं समजू नका. प्रयोगशाळेतली काचेची नळीसुद्धा सहीशिवाय त्यांच्या कपाटातून बाहेर पडत नाही. एकदा मुख्याध्यापिकांना बारीक अक्षरांतलं एक पत्र वाचायला भिंग हवं होतं. त्या स्वतः गेल्या. बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आधी सही, मॅडम." मॅडमनी सही केली, आणि शाळा सुटायच्या आत भिंग परत पोचवलं. मॅडम हसताहेत, म्हणजे गोष्ट खरी आहे.

पालकांपैकी काही जण आज पहिल्यांदाच आले असतील, म्हणून आमच्या प्रकल्पाविषयी दोन शब्द सांगतो. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प करावा लागतो. पहिल्या महिन्यात एका कागदावर आराखडा लिहायचा. प्रश्न कोणता, काय मोजणार, कशाने मोजणार आणि किती दिवस. मग मोजणी. रोजची नोंद वहीत त्याच दिवशी करायची, आणि दुसऱ्या कुणी घेतली असेल तर तिथे त्या माणसाची सही हवी. शेवटी याच सभागृहात, याच व्यासपीठावर, बारा मिनिटांत सगळं मांडायचं. मांडणीच्या आधी बाई उठतात आणि रजिस्टरमधून वाचतात, की या विद्यार्थ्याने अमुक उपकरण अमुक तारखेला नेलं, अमुक तारखेला परत केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. ही पद्धत दुसऱ्या शाळांत आहे की नाही, मला माहीत नाही. व्यासपीठावर उभं असलेलं पोर तेव्हा आपलं पहिलं वाक्य घोकत असतं, त्यामुळे ते कुणी फारसं ऐकत नाही.

गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तिला पुढे आर्किटेक्चर शिकायचं आहे. घरं कशी बांधतात यापेक्षा घरात माणसाला कसं वाटतं, याचं तिला लहानपणापासून कुतूहल. तिने प्रश्न घेतला, की गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर खालची खोली किती थंड राहते. आपल्या वरच्या मजल्यावरचे शेवटचे दोन वर्ग तिने निवडले. एकाच्या गच्चीला चुना लावला, दुसरीला नाही. दोन्ही वर्गांत एकेक तापमापक टांगला. शाळेचे बेचाळीस दिवस, रोज दुपारी एक वाजता नोंद. मी तिचा मार्गदर्शक नव्हतो, बापाने मुलीचा मार्गदर्शक होऊ नये हाही आमचा नियम आहे. पण आराखड्याचा कागद आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला होता, आणि तिच्याइतकाच मीही तो येता-जाता वाचत होतो.

मोजणीच्या मध्यावर तिला ताप आला. तीन दिवस ती अंथरुणात होती. पहिल्या दिवशी सकाळी मी निघताना ती म्हणाली, "बाबा, एक वाजता वर जाऊन बघाल ना?" मी म्हटलं, बघतो की. तिने वही आणि पेन माझ्या पिशवीत ठेवलं. "आणि पुढे सही करा हं, नाहीतर कुलूपबाई मला कुलूप लावतील."

त्या दिवशी मी पेपर तपासत बसलो आणि एक वाजून गेला. दुसऱ्या दिवशी एक वाजता मला आठवलं होतं. दोन मजले चढायचे होते. समोर चहा होता. मी म्हटलं, कालची नोंद नाहीच, आता आजची घेऊन काय होणार? तिसऱ्या दिवशी मला त्याची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी गेलो नाही. हे तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही वाटतं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसून मी तिच्याच पेनने तीन ओळी भरल्या. आधीच्या दिवसांचे आकडे पाहून, कुठे अर्धा अंश वर, कुठे खाली. गणिताच्या शिक्षकाला खोटंसुद्धा नीटनेटकं सुचतं. सही केली नाही. आकडे तिला मीच गिरवायला शिकवलेले, त्यामुळे आमचे चार आणि नऊ सारखेच वळतात.

घरी गेल्यावर तिने विचारलं, "पाहिलंत ना?"

मी म्हटलं, "पाहिलं."

वही उघडून तिने ओळी बघितल्या. सही राहिली म्हणाली. मी म्हटलं, उद्या करतो. तो उद्या आला नाही.

आता बाईंकडे येतो, कारण समारंभ त्यांचा आहे. दरवर्षी एकदा बाई शाळेतले सगळे तापमापक गोळा करतात आणि बर्फाच्या पाण्यात बुडवून ते शून्य दाखवतात का ते बघतात. कुणी त्यांना हे करायला सांगितलेलं नाही. त्या वर्षी नेमके याच तीन दिवसांत दोन्ही तापमापक त्यांच्या कपाटात होते. मी दोन मजले चढलो असतो, तर मला दोन रिकामे खिळे दिसले असते.

मांडणीच्या आदल्या दिवशी, मुलीची वही, हजेरी आणि रजिस्टर ताडून पाहिल्यावर, बाई प्रयोगशाळेच्या दाराशी मला म्हणाल्या, "सर, ते तीन दिवस तापमापक माझ्याकडे होते." मी म्हटलं, असतील. त्या आत गेल्या. मग त्यांनी माझ्या मुलीला बोलावलं. मी उद्या हे वाचणार आहे, तुझ्या वहीत तीन ओळी जास्तीच्या आहेत, काय करायचं ते तू ठरव, असं त्यांनी तिला सांगितलं. हे मला पुढे महिन्याभराने कळलं. त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, जेवली, दप्तर भरलं. मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वाचलं. साहेब, तुम्ही समोर बसला होतात. तुम्ही वही उघडली, तारखा ताडून पाहिल्या आणि विचारलंत, मग या नोंदी कुणी घेतल्या? मी तिसऱ्या रांगेत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "वही माझी आहे, सर. जबाबदारी माझी."

मी मूग गिळून बसलो. माझी छाती धडधडली, घाम फुटला, असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काहीच झालं नाही. पुढच्या मुलाची मांडणी झाली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. हातांना हात लागल्याचं कळलं नाही.

तिचा प्रकल्प नाकारला गेला. कागदावर शेरा आला, 'विद्यार्थिनीने नोंदी बनावट केल्या.' मुलांनी वर्गात टोमणे मारले, ताई, आज गच्चीवर किती अंश, घरबसल्या सांग. कॉलेजने कळवलं, शेरा असेपर्यंत अर्जाचा विचार होणार नाही. यंदा ती तिच्याहून लहान मुलांबरोबर तोच प्रकल्प पहिल्या दिवसापासून पुन्हा करते आहे. रोज एक वाजता स्वतः वर जाते. माझ्याशी भांडत नाही. भाजीत मीठ कमी आहे का, छत्री घेतलीत का, एवढं बोलतो आम्ही.

आमच्या गावच्या शाळेत एकच गुरुजी चार वर्ग सांभाळायचे. त्यांनी मला दोन सवयी लावल्या, पाढे आणि सकाळची प्रार्थना. पाढे अजून येतात. प्रार्थनेला मी रोज उभा राहतो, हात जोडतो, आणि गेले आठ महिने त्यापुढे काही होत नाही. देव रागावला आहे असंही वाटत नाही. समोर कुणी नसलेल्या खोलीत उभं राहावं, तसं वाटतं. कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण दुसऱ्यांबद्दल किती सहज म्हणतो, नाही का?

मागच्या आठवड्यात बाई स्टाफरूममध्ये आल्या. म्हणाल्या, "माझ्या निरोपाला तुम्ही बोला."

मी म्हटलं, "बाई, मी काय बोलू?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे, सर. मी निवृत्त झाल्यावर तुमच्या घराबाहेरचं, ते ठाऊक असलेलं माणूस शाळेत उरणार नाही."

बाई, एकतीस वर्षांत तुम्ही कुणालाही सहीशिवाय काही दिलं नाहीत. मला आठ महिने दिलेत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानू शकत नाही, कारण ते आठ महिने माझ्या मुलीने भरले.

अध्यक्षा मॅडम, त्या तीन नोंदी मी लिहिल्या. मुलीला त्या खऱ्या वाटत होत्या, मीच तिला तसं सांगितलं होतं. हे सगळं या पत्रात लिहून खाली सही केली आहे. पत्र आत्ता आपल्या हाती देतो आहे. शेरा काढायचा अधिकार आपला, आणि माझ्याविषयी काय ठरवायचं तोही आपलाच. कॉलेजची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे, एवढीच विनंती.

मुलगी मागे दाराजवळ उभी आहे. मी हे बोलणार आहे, हे तिला माहीत नव्हतं. तिने मला माफ करावं असं मी म्हणणार नाही. ते तिच्यावर आणखी एक ओझं होईल.

पाच मिनिटं केव्हाच संपली. भूगोलाचे सर मघापासून घड्याळ दाखवत होते, आता त्यांनीही हात खाली घेतला आहे. बाईंना उत्तम आरोग्य लाभो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आपला मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी न शोभणारं बोललो असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते पोटात घाला. त्या तीन ओळी मात्र घालू नका.

नमस्कार.