पुतळ्याचा पाय धरलेली मेलीता

मंडळी, एक सवाल टाकतो. बुडणाऱ्याला हात द्यावा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हात दिला की आपलीच अब्रू बुडणार असेल — तर? आं? आता का सगळे खाली बघायला लागले!

तर ऐका. रोमी बादशहाचा काळ. आशियातलं एक शहर. भर चौकात बादशहाचा पुतळा. आणि रिवाज असा — छळलेल्या गुलामानं येऊन त्या पुतळ्याचा पाय धरला, की जोवर हात पायावर आहे तोवर मालकानं त्याला बोट लावायचं नाही! लावलं तर बादशहाचा अपमान! पण हात सुटला — की संपलं.

एका सकाळी मेलीता नावाची दासी धावत आली. पाठ चाबकानं सोललेली. तिनं पाय गच्च धरला! मागून तिचा मालक निकानोर. त्याच्यामागून धापा टाकत नगराध्यक्ष दिओदोर. त्याची काळजी वेगळीच — दुपारी बादशहाचा सुभेदार येणार होता, आणि शेजारच्या शहरावर मात करून त्याच्याकडून 'पहिलं शहर' हा मान मिळवायचा होता! हसता काय? जत्रेत पहिला मान कुणाचा, यावरून आपल्याकडे डोकी फुटत नाहीत?

बादशहाच्या देवळाचा पुजारी तिथंच होता. म्हणाला, "पोरी, बादशहाला देव मान, चिमूटभर धूप जाळ. देवळात ठेवून घेतो तुला."

मेलीता म्हणाली, "महाराज, पाय धरते, तेवढा हक्क कायद्यानं दिलाय. पण देव माझा येशू. धूप जाळणार नाही."

घ्या! ज्याचा पाय धरलाय, त्यालाच देव मानायला नकार! चौक खदखदून हसला.

निकानोर सावलीत बसला. म्हणाला, "राहू द्या. डुलकी लागेलच की!"

ऊन चढलं. येशूचे लोक पाणी घेऊन आले — कोणी कुंभार, कोणी विणकर. शिपायांनी भाले आडवे धरले, "नास्तिकांनो, मागे व्हा!" हो, आपल्या ख्रिस्ती लोकांना तेव्हा नास्तिक म्हणत, मूर्ती नव्हती ना आपल्याकडे!

मेलीताचे डोळे मिटले. बोटं सुटायला लागली. निकानोर उठला —

आणि गर्दीतून एक बाई पुढं आली. रेशमी वस्त्र, हातात सोनं. युफेमिया — नगराध्यक्षाची बायको! येशूच्या सभेत ती चोरून येई, तोंड झाकून मागं बसे. शिपाई तिला अडवतात कसले! ती धुळीत बसली, मेलीताचा हात पुतळ्याच्या पायावर दाबून धरला. म्हणाली, "नीज बाई. मी धरलाय."

दिओदोर कळवळला, "अगं ऊठ! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, अध्यक्षाच्या बायकोनं बहिणीचा हात धरला. खोटं आहे का ते?"

सुभेदार आला तेव्हा दोघी तशाच! त्यानं मेलीताची पाठ पाहिली. म्हणाला, "ही आता निकानोरची नाही. कोण नेतं हिला?"

युफेमिया म्हणाली, "मी नेते. पण दासी म्हणून नाही."

अध्यक्षाच्या घरचा हा तमाशा बघून सुभेदारानं 'पहिलं शहर' हा मान दिला शेजारच्या शहराला! दिओदोर महिनाभर बायकोशी बोलला नाही. पण पुढच्या सभेला युफेमिया तोंड उघडं ठेवून आली, मेलीताला खेटून बसली. ते बघून आणखी चार घरं आली. मंडळी, आपला धर्म असा वाढला हो! तेव्हा आपल्याकडे ना फौज होती, ना गादी!

आता तुमच्याकडे वळतो. मघापासून दाराशी एक बाई उभी आहे, फाटक्या लुगड्यात. सतरंजीवर जागा आहे. सरकलं कोण? मीही इथून बघतोय, तुम्हीही बघताय!

पेटीवाले, थांबा. सरका आधी. ती बसल्याशिवाय मी भजन उचलणार नाही!