बंदूक कोरडी राहिली

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बँकेचा रखवालदार बाकावर आपल्या नंबराची वाट पाहत होता. पुढे एक जोडपं उभं होतं. नवरा गुडघ्यापर्यंत चिखलात, बायको गळ्यापर्यंत, आणि बंदूक मात्र लखलखीत.

"मिस्त्री, वर्षाची तपासणी करून द्या."

"थांबा. आधी माझं ऐका, दादा. ही नाल्यात पडली असती तर काय झालं असतं?"

"का हो, वहिनी?"

"फळीवरून येताना आम्ही दोघं घसरलो. ह्यांनी माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर धरली!"

"अगं, मी पहारा देतो त्या कारखान्याची वस्तू! पाणी लागलं असतं तर कायमची गेली असती. सांगा ना, मिस्त्री."

"छे! ही काय ठासणीची आहे, दारू भिजायला? नाल्यातून काढायची, धुवायची, पुसायची. नळीतून आरपार उजेड दिसला की पहिल्यासारखी."

"अहो, मी मघापासून डोळ्यांनी खुणावतोय तुम्हाला."

"दिसलं मला. पण तीस वर्षं बंदुकांवर जगलो, त्यांची बदनामी कशी करू?"

"ऐकलंत? आणि माझ्या हातापायांच्या नळ्या कोण पुसणार?"

"चुकलं गं माझं!"

मिस्त्रीने नळीतून आरपार पाहिलं. "झाली तपासणी. पुढचा नंबर!"

"माझं राहू द्या," रखवालदार म्हणाला. "आधी ह्यांचं भांडण मिटू द्या."

"ही घ्या तुमची बंदूक."

"चल गं. ह्या खेपेला हात नाही सोडणार."

"बंदूक इथेच ठेवा. आधी मला पलीकडे पोचवा, मग एकटे येऊन तिला न्या."