रांगोळीवरची टाच

श्रोतेहो, समया लागल्या आहेत, बाहेर अंधार पडला आहे. तरी माझ्यासाठी एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. विशेष असं काहीच नसलेली सकाळ. देवळाच्या पूर्वेकडच्या दगडी जाळीतून उजेड आत येतो आहे. तो घाईने येत नाही. आधी जाळीपाशीच रेंगाळतो, पाहुण्याने उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसा. मग खांबाच्या पायथ्याशी उतरतो. मग शहाबादी फरशीवर लांब, आडवा होतो. आणि फरशीवरचा एकेक खळगा, घागरी टेकून टेकून उमटलेली एकेक गोल खूण अलगद वर उचलून दाखवतो. दुपारच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. सकाळच्या आडव्या उजेडापुढे मात्र फरशीला काही लपवता येत नाही. त्याची वाट कुणी पाहत नाही, कारण तो रोज येतो. रोज येणाऱ्याचीही आपण वाट पाहत होतो, हे आपल्याला केव्हा कळतं, मंडळी? तो येणार नाही असं समजतं, तेव्हा.

आता माझा प्रश्न ऐका. आपल्या हाताखाली वाढलेलं माणूस आपल्यापासून दूर जाण्याइतकं तयार झालं, हे ओळखणं अवघड, की ओळखल्यावर त्याला तसं सांगणं अवघड? उत्तराची घाई नको. पेटीचा सूर जरा खाली राहू द्या, काका. आख्यान हळू आवाजाचं आहे.

नदीकाठच्या एका गावी, आपल्या या सभामंडपासारख्याच सभामंडपात, सकाळी कराटेचा वर्ग भरत असे. हसू नका आजोबा, देवाची हरकत नव्हती. त्याच्याही हातात शस्त्रं आहेतच की. वर्ग चालवत ते शंकर हुद्दार. गाव त्यांना हुद्दार सर म्हणे. साठी ओलांडलेली, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. घरात बोलायला भिंतीवरचं घड्याळ, आणि तेही मागे पडणारं.

सरांचा पट्टा मिळणं कठीण, अशी ख्याती होती. इतरत्र पट्टे चहाच्या पुड्यासोबत चमचा मिळावा तसे मिळत. इथे पालक येऊन तक्रार करत. एक गृहस्थ म्हणाले, “सर, शेजारच्या मुलाला हिरवा पट्टा मिळाला, आमच्या चिरंजीवांना का नाही? आम्ही तर पेढ्यांची ऑर्डरसुद्धा दिली.”

सर म्हणाले, “पेढे घरी येऊ द्यात. चिरंजीवांना खाण्यातला पट्टा मी आजच देतो.”

परीक्षेची त्यांची एक रीत होती, त्यांच्या गुरूंकडून आलेली. परीक्षेच्या सकाळी धुतलेल्या काळ्या फरशीवर पांढरी रांगोळी चाळणीने पातळ, सारखी पसरायची. परीक्षार्थीने त्यावर काता करायचा. काता म्हणजे चढाई-बचावाच्या हालचालींचा ठरलेला क्रम. शेवटी पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून स्थिर उभं राहायचं. त्या वेळी मागच्या पायाची टाच जमिनीला घट्ट हवी. टाच उचलली तर ठोशाचं बळ जमिनीतून येत नाही, नुसत्या खांद्यातून येतं. मग परीक्षार्थीने मागे न पाहता गाभाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, सरांनी वाकून ठसा वाचायचा, निकाल सांगायचा, आणि ठसा स्वतःच्या हाताने झाडून टाकायचा. शिष्याने स्वतःचा ठसा पाहायचा नाही. का? सरांचे गुरू म्हणत, स्वतःचं पाऊल पाहिलं की माणूस त्याच्याच प्रेमात पडतो आणि पुढचं टाकायला विसरतो.

किती सुंदर नियम, नाही? पण मंडळी, ज्या नियमात पाहणारा एकटाच असतो, त्या नियमात त्या एकट्याच्या डोळ्यांवर किती भार येतो, याचा विचार करा.

या वर्गात वैजयंती लोहार नावाची मुलगी होती. फ्रॉक घालायच्या वयात आली, ती बाविशीची झाली तरी येतच राहिली. सगळ्यांच्या आधी यायची. दाराची कडी वाजवायची आणि घुमटाखाली आवाज द्यायची, “सर, आले हो.” बस, एवढंच. पण त्या तीन शब्दांनी सरांचा दिवस सुरू व्हायचा. कडी वाजण्याआधीच ते खांबाशी येऊन उभे असत. आणि ती आत आली की मुद्दाम पाठ वळवून पाण्याची कळशी हलवत, जणू त्यांना चाहूलच नव्हती. आपणही करतो हे. ज्याच्यासाठी कान टवकारलेले असतात, त्याच्याचकडे पाठ करून उभे राहतो.

तिच्या कमरेला तपकिरी पट्टा होता. पुढचा काळा. तो मिळाला की ती स्वतः शिकवायला मोकळी. नाशिकच्या एका निवासी शाळेत कराटे-शिक्षिकेची जागा निघाली होती. अट एकच, काळा पट्टा हवा. वैजूने परीक्षा दिली. सर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. मग झाडू हातात घेऊन म्हणाले, “टाच.”

“बरं सर,” वैजू म्हणाली. नाशिकची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

वर्षभर तिने त्या टाचेवर मेहनत घेतली. भिंतीला पाय रेटून उभी राहायची, पोटऱ्या दगड होईपर्यंत. तिची आई शिवणकाम करी. ती एकदा मंडपाच्या पायरीशी आली.

“सर, एक विचारू का? राग मानू नका.”

“बोला ना.”

“माझ्या मुलीची टाच नेमकी तुमच्याच फरशीवर कशी हो उचलली जाते? घरी चालते तेव्हा खालचे भाडेकरू वर येऊन विचारतात, जातं मांडलंय का म्हणून.”

सर हसले. मग हसू विरलं. “कसोटी कडक असते, बाई. मी सवलत दिली तर बाहेर तिचीच फजिती होईल.”

“सवलत नको हो. ती तुमच्या शब्दापुढे जात नाही. तुम्ही आहे म्हणालात तर आहे, नाही म्हणालात तर नाही. म्हणून विचारलं,” असं म्हणून ती माउली गेली. सर कितीतरी वेळ तिच्या रिकाम्या पायरीकडे पाहत राहिले.

नाशिकची जागा पुन्हा निघाली. या वेळी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं: यानंतर आम्ही थांबणार नाही. परीक्षेची सकाळ उजाडली. मी मघाशी सांगितलेली तीच सकाळ, तोच आडवा उजेड. वैजूने कडी वाजवली. “सर, आले हो.” सर कळशी हलवत राहिले.

रांगोळी पसरली. वैजूने काता केला. तबलजी, इथे हात थांबवा. तिथेही नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटच्या ठोशावर ती स्थिर झाली, मग गाभाऱ्याकडे वळून उभी राहिली. सर पुढे झाले, वाकले. उजेड ठशावर आडवा पडला होता.

“सर?” तिने न वळता विचारलं.

घुमटात तिचा आवाज फिरला. उद्यापासून या घुमटाखाली कुणाचा आवाज फिरणार, हे सरांच्या मनात आलं. आणि त्यांच्या तोंडून गेल्या वर्षीचाच शब्द निघाला.

“टाच.”

तिने कमरेचा तपकिरी पट्टा घट्ट केला. मग म्हणाली, “बरं सर.”

सर झाडू घ्यायला वळले आणि त्यांच्या कमरेत लचक भरली. खांब धरून ते तसेच उभे राहिले.

“तुम्ही बसा,” वैजू म्हणाली. “मी झाडते.”

“नको. शिष्याने ठसा पाहायचा नसतो.”

“पाहत नाही ना. तुम्ही बसा तर.”

आणि मंडळी, तिने झाडू उचलला, मान पूर्ण वळवून नजर भिंतीवर ठेवली, आणि झाडायला लागली. आपल्या वर्षभराच्या कष्टांचा एकमेव पुरावा ती स्वतःच्या हाताने पुसत होती, आणि एकदाही खाली पाहत नव्हती. कारण सरांनी सांगितलं होतं. आंधळेपणाने झाडू मारल्याने रांगोळी तिच्याच पायांवर उडत होती. पुढच्या पायाचा ठसा गेला. झाडू मागच्या ठशाकडे निघाला.

“थांब, वैजू.”

ती थांबली. नजर भिंतीवरच.

“खाली बघ.”

“नियम आहे सर.”

“मी सांगतो, बघ.”

तिने पाहिलं. पांढऱ्यावर काळं, पूर्ण पाऊल: बोटं, चवडा, कड, आणि दगडात रुतावी तशी रुतलेली गोल टाच. ती बराच वेळ पाहत राहिली. सर लंगडत कपाटाशी गेले, काळा पट्टा काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. पट्ट्याच्या घड्या पक्क्या बसल्या होत्या. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

वैजूने तो वास घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि गेल्या वर्षी, सर?”

श्रोतेहो, सरांना तिथे क्षणभर उभं राहू द्या, आणि तोवर आपण आपल्या घरी जाऊन येऊ. तुमच्याही घरात कुणी आहे. मुलगी आहे, धाकटा भाऊ आहे, दुकानातला हाताखालचा माणूस आहे. तुम्ही त्याला म्हणता, अजून तुला जमत नाही. कडक आवाजात म्हणता आणि त्याला शिस्त म्हणता. आज रात्री घरी गेल्यावर एकदा वाकून पाहा: त्याची टाच खरोखर उचललेली आहे, की तो गेल्यावर दाराची कडी वाजणार नाही, याचं भय तुम्हाला वाटतं? माया असणं हा दोष नाही. सरांचीही मायाच होती. पण मायेने ठसा झाडून टाकला, तर ज्याच्यावर माया करायची त्याचं पाऊल कुठे उरलं?

चला, मंडपात परत. उजेड आता खांबापर्यंत सरकला आहे. वैजू पट्टा हातात धरून उभी आहे, उत्तराची वाट पाहते आहे. सरांनी कळशीकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

“गेल्या वर्षीही,” ते म्हणाले, “टाच टेकलेलीच होती.”