पाणीवाटपाचं अरबी भाषांतर

परदेशातली नोकरी का गेली म्हणून माझा मित्र दत्ता लातूरच्या प्रत्येक टपरीवर छेडायचा. काल शेवटी सांगितलंच. दोन देशांची पाणीवाटपाची बैठक होती आणि मी इंग्रजीचं अरबी करणारा दुभाषी. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देशाचे साहेब इंग्रजीत म्हणाले, "आपल्या चिंतेची आम्ही गांभीर्याने नोंद घेतली असून योग्य वेळी, योग्य स्तरावर सकारात्मक विचार करण्यास कटिबद्ध आहोत."

जळकोटला टँकरमागे घागर घेऊन पळालेल्या माझ्यासारख्या माणसाला हे अरबीत सांगवेना. मी एवढंच सांगितलं, "हे पाणी देणार नाहीत."

अरब मंत्री ताडकन उठले आणि थेट मोडक्यातोडक्या इंग्रजीतच कडाडले, "मग बोलावलं कशाला? किती देता, तेवढं बोला!" साहेब असे गडबडले की निम्मं पाणी कबूल करून बसले. जेवणाआधी सह्या झाल्या.

"लई भारी काम केलंस की बे! मग काढलं कशापायी?" दत्ताने विचारलं.

"बैठक आठवडाभर चालायची होती. समारोपाचं निवेदन आधीच छापलेलं होतं: चर्चा फलदायी झाली, पुढच्या वर्षी पुन्हा याच हॉटेलात भेटू."

दत्ताने कप खाली ठेवला. "मग बरोबर काढलं तुला. एवढ्या लोकांच्या पोटावर पाय दिलास!"